जवळचे आणि दूरचे

शिंदखेडा हे धुळे जिल्ह्यातील एक तालुक्याचे गाव. सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर त्याचे स्थानक आहे. उत्तरेस तापी वाहते आणि तापीच्या पलीकडे सातपुड्याच्या रांगा उभ्या आहेत. तालुक्यातून बुराई नदी वाहते, मुडावदजवळ पांझरा तापीस मिळते, आणि दोंडाईच्याच्या बाजूस हंगामात मिरची वाळत घातली, की जमिनीवर लाल जाजम अंथरल्याचा भास होतो. काळीभोर शेते, पांढरा कापूस आणि वर निरभ्र आकाश, असा हा खानदेशाचा मोकळा मुलूख आहे. येथे ज्याला डोळे आहेत, त्याला दूरवर पाहण्यासारखे पुष्कळ आहे. रानात गुरे राखणाऱ्याने लांबूनच आपली गाय ओळखावी, शेतकऱ्याने क्षितिजावरील ढगाचा रंग पाहून पावसाचा अदमास बांधावा, ही येथील जुनी रीत होय. मनुष्याचा डोळा हजारो वर्षे अशाच मोकळ्या भूमीवर आणि अशाच लख्ख उजेडात घडत आला आहे.

परंतु आज याच मुलखातील मुलांची दृष्टी वीतभर अंतरावर येऊन थांबली आहे. हा बदल एका दिवसात झाला नाही. २००१ साली महाराष्ट्रात एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि तालुक्यातालुक्यांतून संगणकाचे वर्ग उघडले. पुढे शाळांतून संगणक आले. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा फळ्यावरचा पाठ मोबाइलच्या पडद्यावर आला. २०२१ पासून शेतातील पिकाची नोंदही ई-पीक पाहणीच्या रूपाने शेतकऱ्याने मोबाइलवर करावी अशी व्यवस्था झाली, आणि पुष्कळ घरांत हे काम वडिलांच्या शेजारी बसून शाळेत जाणारी मुलेच करू लागली. सातबाराचा उतारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा निकाल, या सर्वांसाठी पडदा लागतो. तेव्हा संगणक ही काही श्रीमंतांची चैन उरलेली नाही. तो रोजच्या व्यवहाराचा भाग झाला आहे.

या नव्या सोबत्याबरोबर एक नवी तक्रारही घरोघर ऐकू येऊ लागली आहे. सायंकाळी मुलांचे डोळे चुरचुरतात, लाल होतात, कपाळ दुखते, मान अवघडते आणि पडद्यावरून मान वर करताच समोरचे क्षणभर अंधुक दिसते. यावर वडीलधाऱ्या मंडळींची दोन मते आढळतात. काहीजण म्हणतात, “हे यंत्रच वाईट. ते घराबाहेर काढावे, म्हणजे डोळे आपोआप सुधारतील.” दुसरे म्हणतात, “संगणकावाचून आता पोट भरणार नाही. शिकायचे तर चष्मा लागणारच. त्याची खंत कशाला?” ही दोन्ही मते ठामपणे मांडली जातात. पण दोन्ही अपुरी आहेत. ती अपुरी का, हे कळण्यासाठी आधी डोळा कसा पाहतो ते समजून घेतले पाहिजे.

डोळ्यात एक पारदर्शक भिंग असते. त्याच्या भोवती स्नायूंचे एक नाजूक कडे असते. दूरची वस्तू पाहताना हा स्नायू सैल असतो आणि भिंग चपटे राहते. जवळची वस्तू पाहायची झाली, की स्नायू आकुंचन पावतो आणि भिंग फुगीर होते. त्यामुळेच पुस्तकातील अक्षर आणि झाडावरचा राघू, दोन्ही एकाच डोळ्याला स्पष्ट दिसतात. या सामर्थ्यास समायोजन शक्ती म्हणतात. जवळ पाहणे म्हणजे स्नायूचे श्रम, आणि दूर पाहणे म्हणजे त्याची विश्रांती, हे येथे ध्यानात ठेवावे. पाण्याने भरलेला तांब्या काही जड नसतो. परंतु तोच तांब्या हात लांब करून अर्धा तास धरून ठेवला, तर हात भरून येतो. तांब्याचे वजन वाढलेले नसते. हाताला उसंत मिळालेली नसते. तासन्तास एकाच अंतरावर रोखलेल्या डोळ्याची अवस्था अशीच होते.

चुरचुरण्याचे कारण याहून निराळे आहे. डोळ्याच्या पुढील भागावर अश्रूंचा एक अतिशय पातळ थर सदैव पसरलेला असतो. अंगण सारवणारा हात ज्याप्रमाणे शेण सर्वत्र सारखे पसरतो, त्याप्रमाणे पापणी प्रत्येक उघडझापीबरोबर हा थर सारखा करीत असते. स्वस्थपणे बोलत बसलेला मनुष्य एका मिनिटात साधारण पंधरा ते वीस वेळा पापण्या मिटतो. तोच पडद्याकडे टक लावून बसला, की हे प्रमाण निम्म्यावर आणि कधी कधी तिसऱ्या हिश्श्यावर येते. पापणी लवायची राहते, थर सुकतो आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटते. खानदेशच्या कोरड्या उन्हाळ्यात, डोक्यावर पंखा गरगरत असताना, हा त्रास अधिक जाणवला तर त्यात नवल नाही.

येथे एक दिलासा देणे अवश्य आहे. हा थकवा त्रासदायक असला, तरी तो कायमचा नसतो. विश्रांती मिळाली, झोप झाली, की डोळा पुन्हा टवटवीत होतो. पडद्याच्या प्रकाशाने डोळे जळतात किंवा आंधळे होतात, ही समजूत खरी नाही. पडद्यातून येणाऱ्या निळ्या प्रकाशाची पुष्कळ चर्चा होते, आणि त्यासाठी खास काचांचे चष्मेही विकले जातात. परंतु पडद्यातून येणारा निळा प्रकाश उन्हातील निळ्या प्रकाशाच्या मानाने अगदी थोडा असतो, आणि तो डोळ्यांना इजा करतो असे सिद्ध झालेले नाही. रात्री उशिरापर्यंत पडदा पाहिल्याने झोप मात्र लांबते. तो दोष खरा आहे. तथापि त्यावरचा उपाय महाग काच नव्हे, वेळेवर पडदा बंद करणे हा आहे. साप साप म्हणून भुई धोपटण्यात अर्थ नसतो; खरा साप कोठे आहे ते पाहावे लागते.

खरा धोका थकव्याहून सावकाश येतो आणि येताना दुखत नाही. जन्मलेल्या बालकाच्या डोळ्याची लांबी सुमारे १७ मिलिमीटर असते. शरीराबरोबर डोळाही वाढतो, आणि मोठेपणी ही लांबी सुमारे २४ मिलिमीटरवर स्थिरावते. ही वाढ योग्य ठिकाणी थांबली, तर दूरच्या वस्तूची प्रतिमा बरोबर दृष्टिपटलावर पडते. परंतु काही मुलांचा डोळा प्रमाणाबाहेर लांबतो. मग दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते. जवळचे पुस्तक नीट वाचता येते, पण फळ्यावरील अक्षरे पुसट दिसतात. यालाच निकटदृष्टिता म्हणतात. डोळा केवळ एक मिलिमीटर अधिक लांबला, तरी चष्म्याचा क्रमांक सुमारे अडीच ते तीनने वाढतो. एक मिलिमीटर म्हणजे मोजपट्टीवरची सर्वांत लहान रेघ! आणि एकदा लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही. चष्मा प्रतिमा जागेवर आणतो. तो डोळ्याची लांबी कमी करीत नाही.

क्रमांक लहान असेल, तर चष्मा लावून सर्व व्यवहार उत्तम चालतात. पण लहान वयात निकटदृष्टिता सुरू झाली, तर वाढीच्या सर्व वर्षांत ती वाढत राहण्यास अवधी मिळतो. क्रमांक सहाच्या पलीकडे गेला, म्हणजे मागील दृष्टिपटल ताणले जाऊन पातळ होते. पुढे प्रौढपणी दृष्टिपटल सुटणे, काचबिंदू, लवकर येणारा मोतीबिंदू, अशा विकारांची शक्यता अशा डोळ्यांत वाढते. म्हणजे बाराव्या वर्षी झालेल्या हेळसांडीची किंमत पन्नासाव्या वर्षी मोजावी लागू शकते. सावकाराचे कर्ज घेताना पैसा हाती येतो, व्याज नंतर दिसते. तसाच हा प्रकार आहे. म्हणूनच मुलांच्या डोळ्यांचा प्रश्न आजच्या चुरचुरण्यापुरता नाही, तो साऱ्या आयुष्याचा आहे.

मग डोळा असा लांबतो कशाने? आईवडिलांना निकटदृष्टिता असेल, तर मुलाला ती होण्याची शक्यता अधिक असते, हे खरे. परंतु केवळ वारशाने सारे उलगडत नाही. कारण दोन-तीन पिढ्यांत जगातील अनेक शहरांतून चष्मा लागणाऱ्या मुलांची संख्या झपाट्याने वाढली, आणि इतक्या अल्पकाळात मनुष्याचा वारसा बदलत नसतो. बदलली ती राहणी. दिल्लीतील शाळांमधील ५ ते १५ वर्षे वयाच्या मुलांच्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्यात दर १०० मुलांमागे सुमारे १३ मुलांना निकटदृष्टिता आढळली. जी मुले वाचन, दूरचित्रवाणी आणि संगणकावरील खेळ यांत अधिक वेळ घालवीत, त्यांच्यात ती अधिक होती. जी मुले मोकळ्यावर अधिक खेळत, त्यांच्यात कमी होती.

चीनमधील ग्वांगझू शहरात याहून नेमका प्रयोग करण्यात आला. २०१० पासून तीन वर्षे बारा शाळांतील पहिलीच्या मुलांचे निरीक्षण केले गेले. सहा शाळांतील मुलांना रोज ४० मिनिटांचा एक जादा तास मैदानावर काढण्यास सांगितले. उरलेल्या सहा शाळांचे वेळापत्रक पूर्वीप्रमाणेच ठेवले. तीन वर्षांनंतर, ज्या शाळांत काही बदल केला नव्हता, तेथे दर १०० मुलांमागे सुमारे ३९ मुलांना नव्याने निकटदृष्टिता आली होती. मैदानावर जाणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ३० होते. म्हणजे औषध नाही, शस्त्रक्रिया नाही, केवळ ४० मिनिटांचे मैदान, आणि दर शंभरांत नऊ मुलांचे डोळे तेवढ्या काळापुरते तरी वाचले. तैवानमध्येही २०१० पासून मुलांनी दररोज १२० मिनिटे घराबाहेर घालवावीत असा उपक्रम शाळांतून राबविण्यात आला, आणि वर्षानुवर्षे वाढत चाललेले मंद दृष्टीचे प्रमाण त्यानंतर उतरू लागले.

मैदानात असे काय आहे? शास्त्रज्ञांच्या मते मुख्य गुण उजेडाचा आहे. वर्गातील उजेड काहीशे लक्स असतो. बाहेर उन्हात तो दहा हजारांहून कितीतरी अधिक असतो, आणि झाडाच्या सावलीतही तो वर्गाच्या कितीतरी पट भरतो. लख्ख उजेडात दृष्टिपटलातून डोपामिन नावाचे द्रव्य अधिक स्रवते आणि ते डोळ्याच्या लांबण्यास आळा घालते, असे मानले जाते. येथे खानदेशाचे भाग्य ध्यानात येते. याच धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे २०१३ साली १२५ मेगावॅटचा सौर वीजप्रकल्प उभा राहिला, तो येथे ऊन विपुल आहे म्हणूनच. ज्या उन्हावर वीज तयार होते, तेच ऊन मुलांच्या डोळ्यांचे राखणदार होऊ शकते. आणि त्यासाठी एक पैसाही द्यावा लागत नाही.

अर्थात वैशाखातील दुपारी मुलांनी मैदानावर धावावे, असा याचा अर्थ नव्हे. उन्हाळ्यात सकाळची आणि सायंकाळची वेळ बरी. दुपारी निंबाची सावली पुरे. डोक्यावर टोपी असावी. आणि सूर्याकडे थेट मात्र कधीही, ग्रहणातसुद्धा, पाहू नये. कारण त्याने दृष्टिपटलास कायमची इजा होते. उजेडात राहणे निराळे आणि उजेडाच्या उगमाकडे पाहणे निराळे.

आता पहिल्या दोन मतांकडे पुन्हा वळता येईल. “यंत्रच वाईट” असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की डोळ्याच्या स्नायूला पडदा आणि पुस्तक यांत फारसा भेद कळत नाही. त्याला अंतर आणि वेळ कळते. पुस्तक नाकाशी धरून सलग तीन तास वाचणारा विद्यार्थीही डोळ्यांवर तोच भार टाकीत असतो. इटलीतील मोडेना येथील रामाझिनी या वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला. तेव्हा संगणक नव्हता, विजेचा दिवाही नव्हता. तरीही अतिशय बारीक काम करणाऱ्या कारागिरांची दृष्टी अधू होते, असे त्याने नोंदविले, आणि त्यांनी मधून मधून काम बाजूला ठेवून निरनिराळ्या वस्तूंकडे नजर फिरवावी, असा सल्ला दिला. तीनशे वर्षांपूर्वीचा हा उपदेश आजही तसाच्या तसा लागू पडतो. तेव्हा केवळ पडद्यास आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे न्यायाचे होणार नाही.

उलट, पडद्याकडे बोट दाखविणाऱ्या मोठ्या माणसांनी स्वतःकडेही पाहिले पाहिजे. परीक्षा जवळ आली, की खेळाचा तास गणितास दिला जातो. शाळा सुटली, की मूल शिकवणीस जाते. शिकवणी सुटेपर्यंत अंधार पडतो. मैदानावर वाहने उभी राहतात, नाहीतर त्यास कुलूप असते. घरी वडील जेवतानाही मोबाइल पाहत असतात आणि मुलाला मात्र “डोळे खराब होतील” म्हणून दटावतात. मुलाच्या डोळ्यांचा उजेड एका हाताने काढून घ्यावा आणि दुसऱ्या हाताने त्याच्या मोबाइलवर दोष टाकावा, हा कोणता न्याय? खेळाचा तास ही अभ्यासातून उरलेली फावली वेळ नव्हे. ग्वांगझूच्या मुलांनी दाखवून दिले आहे, की तो तास डोळ्यांचे औषध आहे. आणि औषधाची मात्रा परीक्षेच्या दिवसांतही चुकवावयाची नसते.

“चष्मा लागणारच, त्याची खंत कशाला?” असे म्हणणाऱ्यांचे म्हणणेही अर्धेच खरे आहे. चष्मा लागणे यात लाजिरवाणे काहीच नाही, हा त्यातील खरा भाग. परंतु जे टाळता येते ते न टाळणे, हे शहाणपण नव्हे. तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा आधीच बांध घालून पाणी अडविणे शिरपूर-शिंदखेड्याच्या शेतकऱ्याला अधिक चांगले कळते.

आणि लाजेचा प्रश्न येथेच संपत नाही. ज्या मुलाला जन्मापासून किंवा हळूहळू कमी दिसत आले, त्याला आपल्याला कमी दिसते हे ठाऊकच नसते. जग असेच अंधुक असते, असे तो समजून चालतो. फळ्यावरचे दिसत नाही म्हणून तो शेजाऱ्याच्या वहीतून उतरून घेतो आणि नकलेबद्दल बोलणी खातो. चेंडू दिसत नाही म्हणून तो झेल सोडतो आणि सोबती त्यास खेळातून वगळतात. हळूहळू तो मागच्या बाकावर जाऊन बसतो आणि सर्वजण त्याला मंद ठरवितात. मंद असते ती त्याची बुद्धी नव्हे, त्याची दृष्टी! एका चष्म्याने जे सुधारले असते, ते वर्षानुवर्षे शिक्षेने बिघडविले जाते. मुलींच्या बाबतीत तर आणखी एक अडचण असते. चष्मा लावला तर पुढे लग्न जुळण्यास अडचण येईल, असे म्हणून काही घरांत मुलीचा चष्मा पेटीत ठेवला जातो. जिच्या विवाहासाठी तिचे डोळे झाकावे लागतात, तिचे हित कोण पाहत आहे, हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःस विचारावा. चष्म्याने डोळे अधिक अधू होतात, हा समजही निराधार आहे.

दृष्टी तपासण्याची सोय आज दुर्मिळ राहिलेली नाही. शाळेतील मुलांच्या आरोग्यतपासणीसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातीलच पालघर येथून सुरू करण्यात आला. दृष्टिदोष ओळखणे हा त्याचा एक भाग आहे. अंधत्व-निवारणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून गरजू विद्यार्थ्यांना चष्मे विनामूल्य देण्याची तरतूदही आहे. पण तपासणीचे पथक येण्यापूर्वी विद्यार्थ्यालाही एक गोष्ट करता येते. वर्गाच्या मागील भिंतीशी उभे राहून, एक डोळा तळहाताने हलकेच झाकून फळा वाचावा. मग दुसरा झाकून वाचावा. एका डोळ्याने अक्षर स्वच्छ आणि दुसऱ्याने पुसट दिसले, किंवा दोहोंनीही दिसले नाही, तर त्याच दिवशी शिक्षकांना व घरी सांगावे. हे सांगणे म्हणजे तक्रार नव्हे; ते स्वतःच्या डोळ्यांप्रती कर्तव्य आहे.

आपल्या राज्यातील दोन गावांनी या बाबतीत दोन निराळे मार्ग धरले, ते पाहण्यासारखे आहेत. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये ठरविले, की सायंकाळी सात वाजता भोंगा वाजला, म्हणजे मुलांनीच नव्हे तर मोठ्यांनीही मोबाइल आणि दूरचित्रवाणी दीड तास बंद ठेवावी. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने त्याच वर्षी नोव्हेंबरात १८ वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास बंदी करण्याचा ठराव ग्रामसभेत केला. दोन्ही गावांची कळकळ सारखीच. परंतु या दोहोंत वडगावचा मार्ग अधिक टिकाऊ म्हणावा लागेल. बंदी लहानांवर असते आणि मोठ्यांना मोकळे सोडते. त्यामुळे ती चोरून मोडण्याचा मोह होतो. शिवाय ज्या घरी मुलाचा अभ्यास आणि वडिलांच्या शेताची नोंद एकाच मोबाइलवर होते, तेथे ती पाळणेही कठीण. वेळेची मर्यादा मात्र सर्वांवर सारखी पडते. भोंगा वाजला, की वडीलही मोबाइल खाली ठेवतात, आणि मुलाला शिस्तीचा धडा शब्दांवाचून मिळतो.

शिंदखेड्याने भोंगाच लावला पाहिजे असे नाही. शाळेची घंटा त्यासाठी पुरेशी आहे. संगणकाच्या तासात दर वीस मिनिटांनी एकदा घंटेचा हलका टोला पडावा, आणि सर्व विद्यार्थ्यांनी वीस सेकंद खिडकीबाहेर, निदान वीस फुटांपलीकडील निंबाकडे किंवा ध्वजस्तंभाकडे पाहावे. डोळ्यांचे वैद्य हाच नियम सांगतात. पडदा हातभर अंतरावर आणि नजरेच्या किंचित खाली असावा. खिडकीचा उजेड बाजूने यावा, पडद्यावर चमकू नये. अक्षरे मोठी करून वाचावीत. मोबाइलपेक्षा संगणकाचा पडदा दूर राहतो, म्हणून लांबचे वाचन शक्य तर मोठ्या पडद्यावर करावे. अंथरुणात, दिवा मालवून, मोबाइल तोंडाशी धरून पाहणे सर्वथा वर्ज्य समजावे. पापण्या मिटण्याची आठवण ठेवावी. आणि एवढे सर्व पाळूनही रोज दीड-दोन तास बाहेरच्या उजेडात गेलेच पाहिजेत; कारण वीस सेकंदांची विश्रांती थकवा घालविते, परंतु लांबणाऱ्या डोळ्याला आवर घालण्याचे काम मैदानाचेच आहे.

कोणी म्हणेल, अशाने अभ्यास मागे पडेल. त्यांनी धुळ्याचेच एक उदाहरण आठवावे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड प्रसिद्ध केले. जुन्या मोडी कागदांतील झिजलेले, पुसट अक्षर लावणे हे अत्यंत जवळून आणि चिकाटीने करावयाचे काम. परंतु ते कागद त्यांना घरबसल्या मिळाले नाहीत. त्यासाठी ते गावोगाव हिंडले, वाडे आणि दप्तरे धुंडाळीत राहिले. १९२६ साली धुळ्यात त्यांचे देहावसान झाले, आणि त्यांच्या संग्रहाच्या जतनासाठी त्या शहरात राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. बसून वाचणे आणि उठून हिंडणे, ही दोन्ही कामे एकाच विद्येची अंगे आहेत, हेच या चरित्रातून दिसते. केवळ जवळचेच पाहणाऱ्यास कागद मिळत नाही, आणि केवळ दूरचेच पाहणाऱ्यास तो वाचता येत नाही.

संगणक हे या काळाचे मोडी दप्तर आहे. त्यात शेतीचा भाव आहे, जगाचा इतिहास आहे, विज्ञान आहे, आणि कालहरणाचा पसाराही आहे. ते दप्तर शिंदखेड्याच्या मुलांनी जरूर उघडावे. तालुक्याच्या गावी राहूनही मोठ्या शहरातील मुलाच्या बरोबरीने शिकण्याची संधी त्यांना त्यातून मिळाली आहे, आणि ती भीतीपोटी गमावणे हे त्यांचे नुकसान होईल. मात्र ज्या डोळ्यांनी ते वाचायचे, ते डोळे आणखी साठ-सत्तर वर्षे वापरावयाचे आहेत. संगणक जुना झाला तर नवा घेता येतो, मोबाइल फुटला तर काच बदलता येते. डोळ्यांची जोडी मात्र प्रत्येकास एकच मिळते.

म्हणून मागणी फार मोठी नाही. शाळांनी खेळाचा तास कोणत्याही विषयास उसना देऊ नये. घरांनी दिवेलागणीनंतर एक घटकाभर तरी सर्वांचे मोबाइल बाजूला ठेवावेत. विद्यार्थ्यांनी दिसत नसेल तर न लाजता सांगावे, आणि चष्मा लावणाऱ्या सोबत्यास चिडवू नये. मधली सुट्टी झाली, की वर्गाच्या सावलीत मोबाइलवर डोके टेकण्याऐवजी मैदानावर जावे. तेथून भुसावळकडे जाणारी गाडी दिसली, तर तिचे डबे मोजावेत. आकाशात घार दिसली, तर ती ठिपका होईपर्यंत तिच्याकडे पाहत राहावे. घंटा झाल्यावर पुन्हा वर्गात येऊन संगणकासमोर बसावे. तेव्हा अक्षरे स्वच्छ दिसतील.